अंबाड्यातलं रोप

माझ्या लहानपणी घरात भाकरी कशाची आहे हे तोंडात घातल्याशिवाय कळायचं नाही. वडील माकणीतल्या पिठाच्या गिरणीत कामाला होते. दिवसभर पोती उचलायची, दळणं टाकायची आणि संध्याकाळी गिरणीभोवती सांडलेलं पीठ झाडून घरी न्यायचं, एवढी मुभा मालकानं दिलेली. त्या झाडणीत ज्वारी असायची, गहू असायचा, कुणाच्या तरी बेसनाची चिमूट असायची. शेजारीच तिखट कुटायचं यंत्र होतं, त्यामुळं मिरची तर हमखास. एखाद्या दिवशी पहिल्याच घासाला जीभ भाजायची. मी रडायला लागले की आई म्हणायची, "कोरड्यास वाचलं म्हन." तिला विनोद करायचा नसायचा. खरंच कालवण वाचायचं.

वडील खोकायचे ते पांढरं पडायचं. कपडे झटकले की घरभर पीठ उडायचं. एका पत्र्याच्या खोलीत आम्ही तिघं आणि दाराशी दोन शेरडं. कुडाला लागून त्यांचा कोपरा होता, तिथली जमीन कधी वाळायची नाही आणि वास घरात येऊन बसायचा. शाळेतल्या पोरी माझ्या शेजारी बसताना नाक मुरडायच्या. मी त्यांच्यापेक्षा जास्त मार्क पाडायचे आणि पेपर मुद्दाम त्यांच्या नाकासमोर धरायचे.

आई बायकांच्या टोळीत खुरपण आणि विरळणी करायला जायची. पेरलेलं दाट उगवलं की त्यातली पिवळी, किरटी, मागं राहिलेली रोपं उपटून टाकायची आणि जोमाची तेवढी वीतभर अंतरानं ठेवायची, ही विरळणी. ऐकायला सोपं आहे. पण वाकून, आपली पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, धरून, शेजारणीच्या बरोबरीनं सरकत करायचं असतं. विचार करायला वेळ नसतो, बोटंच ठरवतात. त्या कामात आईचा हात धरणारी बाई आसपास नव्हती. तिच्या पातीत मागं फिरून बघावं लागत नाही असं मालकीणसुद्धा म्हणायची, आणि मालकीण कुणाचं भलं बोलणारी नव्हती.

ही मालकीण बांधावर छत्री घेऊन बसायची. तिचा एक कायदा होता. कुणी चुकून चांगलं रोप उपटलं तर ती शिवी द्यायची नाही, हजेरीही कापायची नाही. ते रोप त्या बाईनं अंबाड्यात खोवायचं आणि दिवस मावळेपर्यंत तसंच काम करायचं. गावातून घरी जातानाही काढायचं नाही. मुळाची माती मानेवरून चोळीत गळत राहायची. बाकीच्या बायका हसायच्या, कारण कोण हसत नाही याच्यावर मालकिणीचं लक्ष असायचं.

मी अकरा वर्षांची असेन. शाळेला सुट्टी होती म्हणून आईबरोबर गेले होते. आईच्या अंगात ताप होता. दुपारच्या सुमाराला तिनं एक हिरवंगार धाट उपटलं, हातात धरून क्षणभर बघितलं, आणि मालकिणीनं बोलायच्या आत स्वतःच अंबाड्यात खोवलं. बायका हसल्या. मीही हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. आई माझ्याकडं बघून पुन्हा वाकली. घरी आल्यावर तिनं ते रोप काढून शेरडाला टाकलं आणि मला जेवायला वाढलं. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही.

मी शिकले ते माझ्या डोक्यानं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. अकरावी-बारावीला लोहाऱ्याला जीपनं जायचे, आत पुरुष बसायचे आणि मी मागच्या फळीवर. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. धाराशिवला केलं. आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी, मुलगा धरला तरी पहिलीच. पुढं पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय होता वनस्पतींच्या पेशीत नत्र कसं वापरलं जातं हा, आणि पीक ज्वारी.

माझे मार्गदर्शक सर हुशार होते आणि तोंडानं वाईट होते. पहिल्याच सेमिनारला माझ्या तोंडून एकदा 'न्हाय' निघून गेलं. सरांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "पुन्हा म्हण. मागच्या बाकांना ऐकू आलं नाही." मी पुन्हा म्हटलं. त्यांनी आणखी एकदा म्हणायला लावलं. त्यानंतर वर्षभर विभागातली पोरं मला बघून 'न्हाय' म्हणायची. मी त्यांच्याकडं बघायचे नाही. मला त्यांच्यापेक्षा मोठं काहीतरी करून दाखवायचं होतं.

ते मोठं काय होतं हे सांगायला थोडं झाडाच्या पोटात शिरावं लागेल. जमिनीतलं नत्र झाडाला बहुतेक नायट्रेटच्या रूपात मिळतं. ते तसंच वापरता येत नाही, एका एन्झाइमनं ते फोडावं लागतं. त्या एन्झाइमच्या मधोमध मॉलिब्डेनम नावाच्या धातूचा एकच कण बसलेला असतो. हा धातू जमिनीत इतका थोडा असतो की खताच्या पिशवीवरसुद्धा क्वचित दिसतो. पण तो नसला तर बाकीचं सगळं एन्झाइम धड असून निकामी. सरांनी किरणं सोडलेलं ज्वारीचं बियाणं मिळवलं होतं. त्याच्या पुढच्या पिढीत एखाद्या रोपाचं हे एन्झाइम बिघडलेलं सापडलं तर ते नेमकं कुठं बिघडलं हे शोधायचं, हे माझं काम.

असं रोप शोधायची पद्धत मला फार आवडायची, तिचा क्रूरपणाही आवडायचा. दिवाळीत गावाकडं पोरं गंधकात मिसळून नळीच्या बंदुकीत ठोकतात ते पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, पाण्यात कालवून रोपांना घालायचं. ज्या रोपाचं एन्झाइम चांगलं असतं ते पोटॅशलाही नायट्रेट समजून फोडायला जातं आणि फोडता फोडता स्वतःसाठी विष तयार करतं. धडधाकट रोपं चारसहा दिवसांत करपून आडवी होतात. ज्याला फोडताच येत नाही ते वाचतं. ट्रेमागून ट्रे मी असे मारले. कित्येक महिने सकाळी शेडनेटमध्ये गेलं की समोर सगळी मेलेली. शेवटी एका ट्रेत सहा रोपं उभी राहिली.

सहा. सर खाली बसून बराच वेळ बघत राहिले आणि पहिल्यांदा मला चहा पाजला.

पोटॅश धुऊन टाकून ती सहा रोपं आम्ही एका मोठ्या ट्रेत लावली. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूला चांगल्या बियाण्याची रोपं, तुलना करायला. सगळ्यांना नत्र फक्त नायट्रेटचं द्यायचं, म्हणजे दोष डोळ्यांना दिसेल. तसंच झालं. शेजारची काळपट हिरवी फोफावली आणि ही सहा पिवळी, किरटी, दुपारी मान टाकणारी. एकदा नीट फोटो आणि मापं घेतली की त्यांना अमोनियाचं खत द्यायचं ठरलं होतं, कारण अमोनिया या एन्झाइमशिवाय पचतो, त्यावर ती जगली असती. फोटोसाठी सर कॅमेरा आणणार होते. दोन दिवसांचा प्रश्न होता.

मधेच येळवस आली. वेळ अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव रानात जेवायला जातं. मी गेले नाही, काम आहे म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी आई धाराशिवला आली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या कॉलेजात आली. एका हातात आंबिलाची किटली, दुसऱ्या हातात येळवसेची मिसळभाजी, म्हणजे भज्जी, आणि बाजरीचे उंडे बांधलेलं फडकं. मला तिचं नऊवारी लुगडं, तिची आंबट वासाची किटली, दारातल्या शिपायाला 'साहेब' म्हणणं, सगळ्याचीच लाज वाटली. कुणी बघू नये म्हणून तिला मागं शेडनेटमध्ये नेलं, बादली उपडी करून बसवलं आणि सरांनी बोलावलंय म्हणून आत गेले. पाऊण तासानं परत आले.

आई ट्रेसमोर उकिडवी बसली होती. ट्रे सुंदर दिसत होता. सारख्या अंतरावर हिरवीगार रोपं, मधली माती बोटानं सारखी केलेली. पिवळी सहाच्या सहा सिमेंटच्या तापलेल्या फरशीवर, मुळं वर करून पडलेली.

"किती दाट लावलंया गं," ती म्हणाली. "बसून काय करू, म्या इरळून टाकलं."

मी खाली बसले. पाच रोपं तर हातात घेता घेताच दोऱ्यासारखी लोंबली. ती तशीही इतरांच्या आधी सुकणारी. सहाव्याचं मूळ ओली माती धरून होतं. शेडनेटच्या दुसऱ्या टोकाला बी.एस्सी.ची दोन पोरं कुंड्यांना पाणी घालत होती. मी ते सहावं रोप आईपुढं धरलं.

"खोव अंबाड्यात," मी म्हणाले.

तिला आधी कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "कायदा हाय न्हवं तुमचा? चांगलं रोप उपटलं की खोवायचं. खोव."

"हे चांगलं व्हय?"

"ह्याच्यापुढं तू काय हाईस?"

हे मी म्हणाले. जसं म्हणाले तसंच लिहिलं आहे.

तिनं रोप घेतलं, पदर सरकवला आणि अंबाड्यात खोवलं. पोरं खिदळली, त्यांना वाटलं काहीतरी गंमत चालली आहे. आईनं फडकं बादलीवर ठेवलं, आंबील माझ्या पाण्याच्या भांड्यात ओतलं, किटली उचलली. जाताना एवढंच म्हणाली की आंबील लवकर पिऊन घे, फसफसंल. मानेवरून माती गळत होती, तशीच ती फाटकातून बाहेर गेली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. खरं लिहायचं तर बरं वाटलं.

जगण्याजोगं एकच होतं आणि तेच मी रागाच्या भरात देऊन बसले, हे ती गेल्यावर ध्यानात आलं. उरलेली पाच मी पाण्यात ठेवली, सावलीत ठेवली. संध्याकाळपर्यंत गवताची काडी झाली. सरांना सांगावंच लागलं. त्यांनी सगळ्या विभागासमोर मला उभं केलं. आई काय काम करते हे त्यांनी आधी विचारलं, मग दुसऱ्यांदा विचारलं, आणि म्हणाले, "पदवीदान समारंभात तुम्हा दोघींना एकेक खुरपं देऊ. नवंकोरं." सगळे हसले. मी कोण हसत नाही ते बघितलं. एकजणही नव्हता.

सरांनी मुदत दिली. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत तसं रोप पुन्हा सापडलं नाही तर विषय संपला, जागा दुसऱ्याला. मी उरलेल्या बियाण्यातलं पेरलं आणि पोटॅश घातलं. सगळी रोपं निरोगी निघाली, म्हणजे सगळी मेली. पुन्हा पेरलं, पुन्हा मेली. मार्च लागला तेव्हा डब्यात मूठभर बी राहिलं होतं. तेही पेरलं. तेही मेलं. गावी मी गेले नव्हते, आईनं फोन केला नव्हता, मीही केला नव्हता.

फोन वडिलांचा आला. ते कधी फोन करत नाहीत, त्यामुळं मला आधी वाटलं कुणीतरी गेलं. वडिलांची तक्रार वेगळीच होती. शेरडाच्या कोपऱ्यात आईनं ज्वारीचं एक धाट वाढवलं होतं. त्यापायी शेरडं उन्हात बांधली. दुपारी धाट मान टाकायचं, मुळाशी पाणी असून मान टाकायचं, म्हणून ही त्याच्यापुढं ओलं पोतं आडवं धरायची आणि पोतं सुकलं की पुन्हा भिजवायची. कामाचे खाडे करून.

"आन आता त्या कणसात मोड आल्यात," वडील म्हणाले. "पाऊस न्हाय, दव न्हाय. हिरव्या कणसात दाण्याला कोंब. मी जलमात असलं बगितलं न्हाय."

मी विचारलं ते पहिल्यापासून पिवळं होतं का. ते म्हणाले, आधी हळदीसारखं होतं, शेरडाच्या मुतानं जरा हिरवं धरलं. मुतात अमोनिया असतो. आईनं ते सहावं रोप फेकलं नव्हतं. पुढं कळलं की फाटकाबाहेर तिनं ते अंबाड्यातून काढून पाण्याच्या बाटलीत घातलं आणि एसटीत मांडीवर धरून नेलं होतं.

पण फोन कानाला धरून मी विचारात पडले ते वेगळ्याच गोष्टीनं. पिवळेपणा मला कळत होता, नायट्रेट फुटत नाही म्हणून. पाणी असून मान टाकणं आणि कणसात मोड येणं याचा नायट्रेटशी काही संबंध नव्हता. झाडात एक संप्रेरक असतं, ते पानांची छिद्रं मिटवतं आणि दाण्याला झाडावर असेपर्यंत निजवून ठेवतं. ते बनवणारं एन्झाइम पार दुसरं. मी वडिलांना म्हणाले, अण्णा, तुम्ही सांगताय ते दोन निरनिराळे आजार आहेत, एका रोपात कसे असतील.

ते खोकले आणि म्हणाले, "मला तुजं शास्त्र ठावं न्हाय. पर आमच्याकडं पिठाचं आन तिखटाचं दोनी यंत्रं संगंच बंद पडली तर दगड कुनी खोलत न्हाय. पट्टा बगत्यात."

दोन्ही यंत्रं एकाच मोटारीवर, एकाच पट्ट्यानं चालायची.

मी फोन ठेवला आणि पुस्तक काढलं, जे मला पाठ होतं तेच पुन्हा वाचलं. नायट्रेट फोडणारं एन्झाइम आणि ते संप्रेरक बनवणारं एन्झाइम यांत एकच गोष्ट समान आहे, पोटातला मॉलिब्डेनम. आणि हा धातू सुटा कधी काम करत नाही. पेशी त्याच्यासाठी आधी एक छोटं बैठकीसारखं द्रव्य घडवते, पायरीपायरीनं. पहिली पायरी पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या आत होते, मग अर्धवट माल बाहेर येतो, त्यात गंधक घातलं जातं, आणि अगदी शेवटी एक प्रथिन त्या बैठकीत धातू बसवतं. याला कोफॅक्टर म्हणतात. तयार झालेला कोफॅक्टर इतका नाजूक असतो की मोकळा सोडला तर तिथंच बिघडतो, म्हणून तो हातोहात ज्या त्या एन्झाइमपर्यंत पोहोचवावा लागतो. मी दोन वर्षं एन्झाइममध्ये दोष शोधत होते. दगड खोलून बसले होते. या रोपाचा पट्टा गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं लोहारा, तिथून जीपनं माकणी. घरी वडील एकटे. शेरडाच्या कोपऱ्यात कापलेलं बुडखं होतं, ताजं.

"काल कापलं तिनं," वडील म्हणाले. "तुला सांगितलं म्हनल्यावर कापलं. कुठं ठिवलं मला सांगितलं न्हाय."

ती कालव्याखालच्या रानात भुईमुगाच्या खुरपणीला गेली होती. मालकीण बांधावरच होती, म्हातारी झालेली, छत्री नवी. बायका पातीत वाकलेल्या. मी आईच्या मागं उभी राहून म्हणाले की त्या कणसाचे दाणे पाहिजेत. तिनं मान वर केली नाही. मी सांगितलं की माझं सगळं शिक्षण त्याच्यावर अडलंय. ती खुरपत राहिली. मग मी म्हणाले की माझं चुकलं.

"ऐकू आलं न्हाय बायास्नी," आई म्हणाली.

मला सरांचा सेमिनार आठवला. मी मोठ्यानं म्हणाले. ती म्हणाली, "मागायचं तर पात धर. उभ्यानं मागनारी मालकीन येकच हाय हितं." एका बाईनं हसत स्वतःचं खुरपं माझ्याकडं सरकवलं आणि सावलीला जाऊन बसली. कॉलेजचे सँडल काढून मी पात धरली.

दहा वर्षांत मी खुरप्याला हात लावला नव्हता. बाया माझ्या पुढं गेल्या, बोलत गेल्या. मास्तरणीची पात भाद्रपदापर्यंत उरकंल का, डागदरीण झाली तर गवताला सुई देईल का, असलं. मी त्यांना गाठायला घाई केली आणि हरळीच्या मुळाबरोबर भुईमुगाचं एक भरलं रोप वर आलं. मी ते पटकन मातीत दाबायला गेले. मालकिणीनं पाहिलं नव्हतं. आईनं पाहिलं.

ती तिची पात सोडून माझ्याकडं आली. माझ्या हातातून रोप घेतलं. माझ्या केसांना प्लॅस्टिकची क्लिप होती. तिनं ती काढली, रोप मुळासकट केसांत ठेवलं आणि क्लिप पुन्हा दाबून बसवली. डोक्याला दात रुतले. टोळीतल्या सगळ्या बायका हसल्या आणि सगळ्यात मोठ्यानं आई हसली. तिला मी कधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

दिवस मावळेपर्यंत मी तशीच काम करत राहिले. गावातून जाताना गिरणीसमोर वडील उभे होते. त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि आत गेले.

घरी आल्यावर आईनं रोप काढायला सांगितलं आणि शेरडाला टाकलं. मग उतरंडीमागून गोडेतेलाचा एक पत्र्याचा डबा काढला. डब्यात माती होती आणि मातीत मोड आलेल्या दाण्यांची बोटभर उंचीची सात पिवळी रोपं, वीतभर डब्यात जमतील तेवढ्या सारख्या अंतरावर लावलेली. कणीस कापायच्या कितीतरी आधी, पहिला कोंब दिसला तेव्हाच तिनं दाणे काढून लावले होते. एका चिंधीत आणखी चिमूटभर दाणे.

मी बाकीच्या कणसाचं विचारलं.

"भाकर केली," ती म्हणाली. "येकच झाली. तुज्या बापानं आन म्या खाल्ली. गोड लागली."

मी चिंधी पिशवीत घातली आणि डबा उचलला. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "ह्यातलं येक जरी मेलं तर पुना हिकडं येऊ नगं." डबा मी एसटीत मांडीवर धरून नेला.

एकही मेलं नाही. त्यांना मी अमोनियाचं खत दिलं, ओल्या कापडाचा आडोसा केला, जसं आईनं केलं होतं तसंच. पानांचा अर्क काढून तपासला. नायट्रेट फोडणारं एन्झाइम तिथं होतं, प्रथिन म्हणून पुरेपूर होतं, पण काम शून्याच्या आसपास. ज्यांना हाच कोफॅक्टर लागतो ती दुसरी दोन एन्झाइमंही तशीच, हजर आणि मुकी. मग अमोनिया बंद करून मी सगळ्यांना फक्त नायट्रेट ठेवलं आणि त्यातल्या तीन रोपांना नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त मॉलिब्डेनमचं मीठ पाण्यातून दिलं. बसवणारा हात लुळा असेल तर समोर धातूचा ढीग टाकल्यावर त्यातला थोडा तरी बसेल, हा हिशेब. नवव्या दिवशी नवं पान हिरवं आलं. ज्यांना दिलं नाही त्यांचं पिवळंच.

सर आले, दोन्ही कुंड्या शेजारीशेजारी ठेवून बघितल्या. बी कुठून आलं म्हणून विचारलं. मी घरून म्हणाले. ते म्हणाले, "ते खुरपं राहिलंच द्यायचं." मी म्हणाले, घरात आहे, सर, तुमच्यासाठी आणू का. त्या दिवसापासून त्यांनी मला टोमणा मारला नाही, चहाही पाजला नाही.

प्रबंधात बियाण्याचा स्रोत लिहावा लागतो. तिथं मी 'मूळ रोपापासून स्थानिक देखरेखीखाली वाढवलेले' असं लिहिलं. देखरेख कुणाची हे लिहिलं नाही. सरांनी काढायला सांगितलं नव्हतं, मीच लिहिलं नाही. एका टोळीतल्या बाईनं शेरडाच्या मुतावर जगवलेलं वाण आहे असं छापून आलं असतं तर परीक्षक काय म्हणाले असते, हा विचार मी केला आणि ती ओळ गाळली. आई वाचू शकत नाही. प्रबंध घरी नेला तेव्हा तिनं हातात घेऊन वजन बघितलं आणि दळणाच्या डब्यावर ठेवला.

ती अजून टोळीत जाते. मी नको म्हणते, ती जाते. माझ्या पगाराच्या पिठाची भाकरी तिला फिकी लागते असं म्हणते.

त्या ज्वारीत एन्झाइम धड आहे आणि त्यात धातू बसवणारी शेवटची पायरी अधू आहे, हे मी प्रयोगानं सिद्ध केलं. मला पीएच.डी. मिळाली, आणि आता मी कॉलेजात हाच विषय शिकवते.